डोक्याला मार लागल्यानंतरचं पुनर्वसन : कोकणातल्या घरच्यांचे नेहमीचे प्रश्न

आंबा काढताना फांदी मोडते, पावसाआधी कौलं परतताना पाय निसटतो, मुंबई–गोवा महामार्गावर दुचाकी घसरते. समुद्रात बुडता बुडता वाचवलेला मुलगा किंवा ब्रेन हॅमरेज झालेले घरातले आजोबाही पुढे याच वाटेला लागतात. ऑपरेशन होतं, जीव वाचतो, आणि आयसीयूच्या दाराबाहेर बसलेल्या माणसांना एके दिवशी सांगितलं जातं, "आता पुनर्वसनासाठी कुठं नेताय ते बघा." तिथून पुढच्या प्रश्नांसाठी हे पान आहे. उत्तरं सर्वसाधारण आहेत. तुमच्या रुग्णाच्या बाबतीत त्याला तपासणाऱ्या डॉक्टरांचाच शब्द शेवटचा.

फिजिओ तर आमच्या गावातही घरी येतो. मग त्यासाठी ॲडमिट कशाला व्हायचं?

घरी येणारा फिजिओ हात-पाय हलवून घेतो, बसवतो, उभं करतो. ते हवंच. पण डोक्याच्या दुखापतीत नुसते हात-पाय अडत नाहीत. गिळणं, बोलणं, लक्षात ठेवणं, राग आवरणं, लघवीची जाणीव, झोपेचं चक्र, यातलं बरंच काही एकाच वेळी बिघडलेलं असतं. पुनर्वसनाच्या वॉर्डात त्यासाठी एक पथक असतं : फिजिकल मेडिसिनचे (म्हणजे पुनर्वसनाचे) डॉक्टर, फिजिओथेरपिस्ट, ऑक्युपेशनल थेरपिस्ट (जेवणं, कपडे घालणं अशी रोजची कामं पुन्हा शिकवणारे), स्पीच थेरपिस्ट (बोलणं आणि गिळणं बघणारे), मानसतज्ज्ञ, परिचारिका, आहारतज्ज्ञ आणि वैद्यकीय समाजसेवक. ही मंडळी एकमेकांशी बोलतात, आणि खरा फायदा त्यातच आहे.

एक उदाहरण घ्या. रुग्ण ताटातला डाव्या बाजूचा भात तसाच ठेवतो. घरच्यांना वाटतं, भूक नाही. ऑक्युपेशनल थेरपिस्टच्या लक्षात येतं की डोळे चांगले असूनही मेंदू डावी बाजू 'बघतच' नाही. मग परिचारिका पाणी डाव्या हाताला ठेवू लागतात, फिजिओ चालवताना डावीकडून बोलतो, नातेवाईक डाव्या बाजूला बसतात. अर्ध्या तासाच्या व्यायामात हे धरता येत नाही, दिवसभर ते करावं लागतं.

किती वेळ थेरपी मिळणार, हे ॲडमिट होण्याआधी स्पष्ट विचारा. अमेरिकेत अशा वॉर्डांसाठी दिवसाला ३ तास, आठवड्यातून ५ दिवस, असं माप धरतात. आपल्याकडे ठिकाणागणिक फरक पडतो. 'पुनर्वसन केंद्र' अशी पाटी लावून दिवसातून एकदा २० मिनिटं फिजिओ आणि बाकी नुसती खाट, असाही प्रकार असतो.

आधी महिनाभर घरी नेऊ, पेज-भात खाऊन अंगात ताकद येऊ दे, मग बघू. चालेल का?

हे प्रेमापोटी सुचतं आणि महागात पडतं. पडून राहिल्यानं ताकद येत नाही, जाते. त्या महिन्यात पाऊल खालच्या बाजूला ताणून घट्ट होतं, बोटं मुठीत वळतात, खांदा आखडतो, कंबरेच्या हाडावर जखम होते. मग पुनर्वसनाचे पहिले आठवडे हे सगळं सोडवण्यातच जातात. सुधारणेचा वेग साधारणपणे पहिल्या ३ ते ६ महिन्यांत सगळ्यात जास्त असतो. पुढेही सुधारणा होते, अगदी वर्ष-दोन वर्षांनंतरही, पण धीम्या गतीनं.

व्हेंटिलेटर सुटलेला आहे, ताप नाही, रक्तदाब आणि श्वास स्थिर आहे, लगेच दुसरं ऑपरेशन ठरलेलं नाही, एवढं झालं की विषय काढा. घशाला भोक पाडून बसवलेली नळी किंवा नाकातली जेवणाची नळी असली तरी पुष्कळ ठिकाणी घेतात, काही ठिकाणी घेत नाहीत. फोनवर पहिल्याच वाक्यात नळ्यांबद्दल सांगितलंत तर फेरा वाचेल.

बाबा अजून शुद्धीवर नाहीत. डॉक्टर "जीसीएस ८" म्हणतात. म्हणजे किती टक्के?

टक्के नाहीत. जीसीएस म्हणजे ग्लासगो कोमा स्केल, भान किती आहे ते मोजायची ग्लासगोच्या डॉक्टरांनी १९७४ साली मांडलेली पद्धत. डोळे उघडण्याला ४, बोलण्याला ५ आणि हालचालीला ६, असे एकूण १५ गुण असतात. सगळ्यात कमी ३, कारण काहीच प्रतिसाद नसला तरी प्रत्येकी १ मिळतो. सुरुवातीला ३ ते ८ असेल तर दुखापत गंभीर, ९ ते १२ मध्यम, १३ ते १५ सौम्य, असं धरतात. नळी घातलेल्या माणसाला बोलता येत नाही, त्यामुळे त्याचे गुण तिथंच कापले जातात. म्हणून नुसता आकडा ऐकून रात्रभर रडत बसू नका, तो कशामुळे कमी आहे ते विचारा.

डोळे उघडले म्हणजे भान आलं असंही नाही. काही जण डोळे उघडे ठेवून असतात पण भान नसतं. काहींना क्षणभर येतं, जातं. हा फरक ओळखायला घरच्यांची नजर फार उपयोगी पडते, कारण डॉक्टर दहा मिनिटं बघतात आणि तुम्ही दिवसभर. एक वही ठेवा : किती वाजता, कोणी, काय म्हटलं आणि रुग्णानं काय केलं. "नातवाचा आवाज आला की मान वळवतात" ही नोंद मोलाची आहे. मोबाईलवर चित्रफीत घेऊन डॉक्टरांना दाखवा. उलट कानाशी दिवसभर भजनं किंवा टीव्ही लावून ठेवू नका. एका वेळी एकच आवाज, पाच-दहा मिनिटं, मग शांतता.

अपघातातल्या माराला भान येण्यासाठी जास्त काळ वाट बघितली जाते. बुडून किंवा हृदय थांबून मेंदूला प्राणवायू कमी पडला असेल तर सहसा पहिल्या ३ महिन्यांतच चित्र बरंचसं कळतं. हे कटू आहे, पण विचारलंत तर डॉक्टर सांगतील. विचारा.

भाऊ शुद्धीवर आला आणि आता शिव्या देतो, नळ्या ओढतो, आईला ओळखत नाही. गावात म्हणतात बाहेरचं काहीतरी आहे.

हा टप्पा इतका नेहमीचा आहे की पुनर्वसनाच्या जगात त्याला क्रमांक आहे. शुद्धीवर येण्याच्या पायऱ्या मोजण्याची 'रँचो' नावाची एक पट्टी आहे, तिच्यातली ही चौथी पायरी : गोंधळलेला आणि खवळलेला. मेंदू जागा झालेला असतो पण आपण कुठं आहोत, ही माणसं कोण, अंगात ही नळी का, यातलं काहीच त्याला जुळवता येत नाही. भीतीनं तो हात उगारतो. पहिल्या किंवा दुसऱ्या पायरीवर असलेल्या रुग्णापेक्षा हा पुढे गेलेला आहे, हे आईला समजावून सांगा. ती ऐकेलच असं नाही, तरी सांगा.

त्या काळात करायचं असं : एका वेळी एकच माणूस जवळ, उजेड मंद, आवाज कमी, वाक्य छोटं. "मी अमुक. तू हॉस्पिटलात आहेस. डोक्याला लागलंय. मी इथंच आहे." एवढंच, पुन्हा पुन्हा. वाद घालू नका, "ओळख बघू मी कोण" अशी परीक्षा घेऊ नका. गावातून ट्रॅक्स भरून भेटायला येणारी मंडळी या आठवड्यांत नकोत. वाईटपणा घ्यायला एखादा काका पुढे करा. आणि डॉक्टरांना सांगून लघवी तुंबलीय का, पोट साफ आहे का, कुठं दुखतंय का, ताप आहे का, हे बघून घ्या. बोलता न येणाऱ्या माणसाचं खवळणं पुष्कळदा तिथून निघतं.

देवाला गाऱ्हाणं घालायचं असेल तर घाला, कौल लावायचा असेल तर लावा. त्यानं घरच्यांना धीर येतो आणि कुठलाही समजदार डॉक्टर त्याला हरकत घेणार नाही. हरकत तीन गोष्टींना आहे : औषधं थांबवणं, रुग्णासमोर धूर करणं आणि तोंडात तीर्थ घालणं. तिसरी गोष्ट सगळ्यात घातक का, ते पुढे गिळण्याच्या प्रश्नात वाचा.

दाजी तासाभरापूर्वीचं विसरतात आणि मनानं काहीतरी सांगतात. "सकाळी बंदरावर जाऊन आलो" म्हणाले. खोटं बोलतात का?

नाही. स्मरणात पडलेलं भोक मेंदू हाताला लागेल त्या जुन्या आठवणीनं भरतो. त्यांना ते खरंच वाटतं. "असं का? आज आपण हॉस्पिटलात आहोत, आज मंगळवार" असं म्हणून हळूच जाग्यावर आणा. समोर मोठ्या अक्षरांत दिवस, तारीख, जागेचं नाव लिहिलेला फळा हवा. रोजच्या रोज घटना लक्षात राहू लागेपर्यंत जो काळ जातो तो डॉक्टर मोजतात. तो जितका लांबेल तितकी दुखापत खोल, असा अंदाज त्यावरून बांधतात.

पेज तरी पाजू द्या ना. पेज पातळ असते, तिनं काय होणार?

या पानावरचं दुसरं काही वाचलं नाहीत तरी हे वाचा.

डोक्याच्या दुखापतीनंतर गिळण्याचे स्नायू सुस्तावतात आणि घशाची राखण ढिली पडते. अशा वेळी सगळ्यात अवघड असतं ते पाणी. ते इतकं भरभर खाली जातं की श्वासनलिकेचं दार मिटण्याआधीच आत शिरतं. पाणी, चहा, शहाळ्याचं पाणी, सोलकढी, ताक, तीर्थ, सगळं यात आलं. पेज तर त्याहून बिकट, कारण तिच्यात दोन गोष्टी आहेत : पातळ निवळ आणि शितं. शितं जिभेवर रेंगाळतात तोवर पाणी पुढे निघून जातं. ठसका लागला तर निदान कळतं. काहींना ठसकाही लागत नाही, अन्न गुपचूप फुप्फुसात जातं आणि तीन-चार दिवसांनी ताप आणि न्यूमोनिया. आजीनं चमच्यानं पेज पाजली म्हणून पुन्हा आयसीयूत गेलेले रुग्ण आहेत. आजीचा हेतू सोन्यासारखाच होता.

म्हणून आधी स्पीच थेरपिस्टकडून गिळण्याची तपासणी. त्यांनी परवानगी दिली की सुरुवात सहसा चमच्यावर एकजीव राहणाऱ्या घट्ट पदार्थानं होते. आपल्याकडे त्याला सोय आहे : नाचणीचं घट्ट सत्त्व, मिक्सरमधून काढलेला मऊ भात आणि वरण, हापूसचा घट्ट रस (धागे नसलेला), कुस्करलेलं केळं. बांगडा, पेडवे आणि काट्याची कुठलीही मासळी लांबच राहू दे. सुरमईचा तुकडा काटा काढून, वाटून कधी चालेल ते त्यांनाच विचारा. पाणी घट्ट करायची पावडर मिळते. ती किती घालायची ते वॉर्डात स्वतःच्या हातानं करून शिका.

भरवताना पाठ ताठ, ९० अंशांत बसवलेली. हनुवटी थोडी खाली. चमचा लहान, पुढचा घास आधीचा गिळल्याची खात्री झाल्यावर. जेवणानंतर अर्धा तास आडवं करायचं नाही. तोंड रोज दोनदा नीट साफ करायचं, दात नसले तरी. नाकातली नळी बरेच आठवडे लागणार असं दिसलं तर पोटातून नळी बसवण्याबद्दल डॉक्टर बोलतील. ऐकायला भयंकर वाटतं, पण रुग्णाला ती नाकातल्या नळीपेक्षा सोसते, आणि गिळता येऊ लागल्यावर काढता येते.

डोक्याचं हाड काढून पोटात ठेवलंय म्हणतात. हे काय?

मेंदूला सूज आली की जागा करून देण्यासाठी कवटीचा एक भाग काढतात. तो भाग पोटाच्या कातडीखाली जपून ठेवतात किंवा शीतपेटीत. सूज उतरल्यावर, बहुधा काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी, तो परत बसवतात किंवा कृत्रिम तुकडा लावतात. तोवर त्या बाजूला वरती फक्त कातडी आहे हे विसरू नका. त्या कुशीवर झोपवायचं नाही. बसवताना, उभं करताना, चालवताना डोक्याला संरक्षक टोपी हवी. तिथला खड्डा बसल्यावर खोल दिसतो, आडवं झाल्यावर भरतो; तेवढं चालतं. तो भाग फुगून घट्ट झाला, उलट्या किंवा जास्त गुंगी आली, तर लगेच डॉक्टरांना कळवा.

कोकणात कुठं सोय आहे? की मुंबईच गाठायची?

खरं सांगायचं तर डोक्याच्या दुखापतीसाठी स्वतंत्र निवासी पुनर्वसन ही गोष्ट अजून मोठ्या शहरांचीच आहे. सिंधुदुर्गातून रुग्ण ऑपरेशनसाठी बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजात जातात. रत्नागिरीतून आंबा घाट चढून कोल्हापूर, चिपळूणहून कुंभार्ली घाटानं कऱ्हाड, रायगडातून नवी मुंबई किंवा मुंबई. डेरवणला वालावलकर रुग्णालय आहे. सिंधुदुर्ग आणि अलीबागला २०२१ च्या सुमारास, तर रत्नागिरीला २०२३ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं सुरू झाली. तिथं कोणती थेरपी मिळते ते आधी फोनवर विचारून घ्या. मुंबईत हाजीअलीला केंद्र सरकारची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्था आहे. परळच्या केईएम रुग्णालयातही पुनर्वसनाचा विभाग आहे. बंगळुरूच्या निम्हान्समध्ये मेंदूविकारांचं पुनर्वसन होतं.

माझं मत असं : अवघड आठवडे मोठ्या ठिकाणी काढा, मग गावाजवळच्या रुग्णालयात रोजची थेरपी लावून घ्या. जवळचं ठिकाण फक्त घर जवळ म्हणून निवडू नका, आणि लांबचं फक्त नाव मोठं म्हणून निवडू नका. स्पीच थेरपिस्ट आणि ऑक्युपेशनल थेरपिस्ट रोज हजर असतात का, एवढ्या एका प्रश्नानं बरीच छाननी होते.

किती दिवस राहावं लागेल?

काही आठवडे ते काही महिने. दोन आठवड्यांनी पथकाची बैठक मागा आणि विचारा : आल्यापासून काय बदललं, पुढच्या दोन आठवड्यांचं उद्दिष्ट काय. बरीच केंद्रं १८ बाबींवर प्रत्येकी १ ते ७ गुण देऊन रुग्ण किती स्वावलंबी आहे ते मोजतात. तुमच्या रुग्णाचा आलेख मागून बघा.

सोबत कोणी राहायचं? भाऊ चाकरमानी, बाकी घरी आई आणि वहिनी.

रात्री झोपायला कोणीही चालेल. दिवसा मात्र तो माणूस हवा जो पुढे घरी रुग्णाला सांभाळणार आहे. बहुतेक घरांत उलट होतं : मुंबईतला भाऊ रजा काढून सोबतीला राहतो, सगळं शिकतो, आणि डिस्चार्जनंतर कामावर निघून जातो. वहिनीला खाटेवरून खुर्चीत घेणंही माहीत नसतं. भावानं कागदपत्रं, पैसे आणि धावपळ बघावी. वहिनीला, आणि अजून एका कोणाला तरी, थेरपीच्या तासाला आत बसू द्यावं. उचलणं, कूस बदलणं, नळीतून भरवणं, नळी साफ करणं त्यांनी परिचारिकांसमोर स्वतः करून दाखवलं पाहिजे.

आणि इथं एक गोष्ट स्पष्ट सांगायची आहे. आपल्याकडे आजाऱ्याची सेवा म्हणजे त्याला काहीही करू न देणं. वॉर्डात नेमकं उलट शिकवतात. शर्टाचं एक बटण लावायला त्याला दहा मिनिटं लागत असतील तर ती दहा मिनिटं हात मागे बांधून उभं राहायचं. घास सांडला तरी त्याच्याच हातानं जाऊ द्यायचा. शेजारीण म्हणेल, "बायको बघा कशी नुसती उभी आहे." म्हणू दे.

खर्च कोण देणार?

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. पण ते ठरावीक उपचारांच्या पॅकेजवर चालतं. मेंदूचं ऑपरेशन त्यात बसलं म्हणून पुढचे महिनाभराचे थेरपीचे दिवसही बसतील असं धरू नका. रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला (योजनेच्या तिथल्या माणसाला) ऑपरेशनच्या वेळीच विचारून ठेवा, योजनेतली किती रक्कम शिल्लक राहील तेही.

खाजगी आरोग्य विमा असेल तर पॉलिसीतलं वगळलेल्या बाबींचं पान काढा. 'रेस्ट क्युअर, रिहॅबिलिटेशन आणि रेस्पाइट केअर' असं एक कलम बहुतेकांत असतं. नुसत्या विश्रांतीसाठी किंवा सांभाळण्यासाठी ॲडमिट झाल्यास खर्च मिळत नाही, असा त्याचा अर्थ. म्हणून डॉक्टरांच्या पत्रात उपचार काय चालू आहेत ते नेमकं हवं : गिळण्याची थेरपी, स्नायूंच्या ताठरपणाचं इंजेक्शन, घशाच्या नळीची देखभाल. "जनरल केअर" असं लिहिलं की दावा अडकतो.

रस्ते अपघात असेल तर पोलिसांची नोंद हवीच. २०२५ पासून केंद्राच्या कॅशलेस योजनेत अपघातानंतर ७ दिवसांपर्यंत १.५ लाख रुपयांचा उपचार मिळतो. नुकसानभरपाईसाठी मोटार अपघात न्यायाधिकरणाकडे दावा करता येतो. कायद्यात त्यासाठी ६ महिन्यांची मुदत घातली आहे, म्हणून वकिलाला लवकर गाठा. पुनर्वसनाची बिलं, औषधांच्या पावत्या, गाडीभाडं, सगळं एका फाइलीत. धडक देणारं वाहन सापडलंच नाही तर गंभीर दुखापतीला ५० हजार रुपयांची तरतूद आहे.

झाडावरून पडलेल्या शेतकऱ्यासाठी गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे. अर्ज कृषी कार्यालयात लवकर द्यावा लागतो. बँक खात्यातून वर्षाला २० रुपये कापले जात असतील तर ती प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना; कायमच्या पूर्ण अपंगत्वाला २ लाख. पासबुक बघा. असा विमा आहे हेच घरात माहीत नसतं असं फार वेळा होतं.

आईला मालवणीच येते. स्पीच थेरपिस्ट शुद्ध मराठीत बोलतात. अडेल का?

थेरपिस्टला आधीच सांगा. घरात जे बोलतो त्याच बोलीत सराव झाला पाहिजे. रोजच्या शंभरेक शब्दांची, घरातल्या माणसांच्या आणि गुरांच्या नावांची यादी करून द्या, मोबाईलवर त्यांचे फोटो काढून द्या. आरती किंवा भजन काही रुग्णांच्या तोंडून बोलण्याआधी येतं. येत असेल तर म्हणू द्या, मोठ्यानं.

मालिश करणारा माणूस आणला तर?

हलक्या हातानं तेल लावायला हरकत नाही. जोरात रगडणं, सांधा कडकन मोकळा करणं बिलकुल नको. अशा रुग्णांत सांध्याभोवती भलतीकडे हाड तयार होण्याचा धोका असतो आणि ओढाताणीनं तो सांधा आणखी बिघडतो. अशक्त हाताला धरून खाटेवरून ओढू नका, खांदा निखळतो. आणि एकच पोटरी सुजली, गरम लागली, दुखली, तर तिला हातही लावू नका. आत रक्ताची गुठळी असू शकते आणि चोळल्यानं ती सुटून फुप्फुसात जाते. तडक डॉक्टर. स्नायूंच्या ताठरपणासाठी स्प्लिंट (सांधा नीट धरून ठेवणारा आधार), बॅक्लोफेनसारख्या गोळ्या आणि गरज पडली तर बोट्युलिनम इंजेक्शन हे रस्ते आहेत.

झटका (फिट) आला तर कांदा हुंगवायचा का?

नाही. चप्पलही नाही, तोंडात चमचाही नाही. कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काहीतरी, घड्याळ बघा. ५ मिनिटांच्या वर गेला किंवा एकामागून एक आले तर १०८. झटक्याची गोळी दुखापतीनंतर पहिला आठवडा बहुतेक गंभीर रुग्णांना प्रतिबंध म्हणून देतात. पुढे ती चालू ठेवायची का, हे झटका आला होता की नाही यावर ठरतं. स्वतःहून बंद करू नका.

गणपतीला दोन दिवस घरी नेता येईल?

बहुधा येईल, आणि पथकाला ते आवडेलही, कारण घरी काय अडतं ते त्यातून कळतं. पण तीन अटी. गिळण्याचे नियम मोदकासाठी मोडायचे नाहीत. फटाके, मोठी आरती, रात्रभराचं भजन या गोंगाटात त्याला बसवायचं नाही. शांत खोली वेगळी ठेवा आणि आरतीला पाच मिनिटं आणा. तिसरं, प्रवास. चतुर्थीच्या आदल्या दिवशी महामार्गावर किती तास अडकाल ते तुम्हाला ठाऊक आहे. चार दिवस आधी जा, नाहीतर गौरीनंतर.

घरात काय बदल करावे लागतील?

आपली घरं उंच जोत्यावर. चाकाच्या खुर्चीसाठी उताराचं माप एकाला बारा असं धरतात, म्हणजे जोतं दोन फूट असेल तर उतार २४ फूट लांब. अंगणात तेवढी जागा नसते, म्हणून वळण घेऊन करा किंवा मागीलदारची बाजू बघा, ती बऱ्याचदा सखल असते. चिऱ्याच्या पायऱ्यांना दोन्ही बाजूंनी कठडा. खुर्ची घेण्याआधी दारांची रुंदी टेपनं मोजा, जुन्या घरातल्या माजघराचं दार सर्वांत अरुंद निघतं. उंबरठ्यावर लाकडी फळी चालते.

खाट पडवीत किंवा लोट्यावर (ओसरीवर) आणा, जिथून माणसं दिसतात, पण जमिनीवर अंथरूण नको, उठवता येत नाही. न्हाणी हा खरा शत्रू आहे. पावसात शेवाळ धरतं. खरखरीत लादी, भिंतीला घट्ट बसवलेली दांडी, पाटाऐवजी प्लॅस्टिकची खुर्ची, संडासात कमोड खुर्ची. सारवलेल्या खळ्यात पहिले काही महिने एकट्याला चालू देऊ नका. हे फोटो काढून ऑक्युपेशनल थेरपिस्टला डिस्चार्जच्या दोन आठवडे आधी दाखवा.

पावसाळ्यात काय?

घाट बंद पडतो, साकवावरून पाणी जातं, वीज दोन-दोन दिवस नसते. गोळ्या किमान पंधरा दिवसांच्या हाताशी ठेवा. बॅक्लोफेन आणि झटक्याच्या गोळ्या अचानक तुटल्या तर झटके येतात. घशात नळी असेल तर पायानं चालणारं सक्शन यंत्र (कफ ओढून काढणारं) घरात हवं, विजेवरचं पुरणार नाही. हवेची गादी विजेवर चालते, ती बसली की दर दोन तासांनी कूस बदलण्याची जबाबदारी पूर्णपणे तुमच्यावर येते.

शरीरानं बरे झाले, पण माणूस बदलला. पूर्वी शांत होते, आता पोरांवर ओरडतात, पैसे उडवतात.

कपाळामागच्या भागाला मार लागला की आवर घालणारा मेंदूच दुखावतो. बाहेरून जखम दिसत नाही, त्यामुळे गाव म्हणतं, "चांगला तर आहे." बायकोचं सगळ्यात मोठं दुःख हेच असतं आणि ती ते कोणाला सांगत नाही. मानसतज्ज्ञाकडे रुग्णाबरोबर तिलाही वेळ मिळायला हवा. घरात दिनक्रम ठरलेला, पैशाचं कार्ड दुसऱ्याकडे, थकवा दिसला की दुपारची झोप. राग चढताना विषय बदला, तो ओसरल्यावर बोला. उदासी, रडू, जीव नकोसा झाल्याचं बोलणं असेल तर थांबू नका, त्यावर औषध आहे.

अपंगत्वाचा दाखला मिळतो का?

मिळू शकतो. २०१६ च्या कायद्यात २१ प्रकार आहेत. डोक्याची दुखापत असा वेगळा प्रकार नाही, पण तिच्यामुळे आलेलं चलनवलनाचं, वाचेचं किंवा मानसिक अपंगत्व त्यांत मोजलं जातं. अर्ज यूडीआयडी कार्डासाठी (अपंगत्वाच्या ओळखपत्रासाठी) ऑनलाइन, तपासणी जिल्हा रुग्णालयात. बहुतेक सवलतींना किमान ४० टक्के लागतात. सुधारणा चालू असताना तात्पुरता दाखला देतात.

डिस्चार्जला काय काय घेऊन निघायचं?

डिस्चार्ज कार्ड, सीटी स्कॅनच्या फिल्म आणि सीडी, औषधांची यादी वेळेसह, जेवणाचा घट्टपणा कोणता चालेल ते लेखी, व्यायामाच्या चित्रफिती तुमच्याच मोबाईलवर तुमच्याच रुग्णाच्या, पुढची तारीख, आणि अडचण आली तर लावायचा फोन. हाड बसवायचं बाकी असेल तर ते कुठं ठेवलंय हेही कागदावर.

दारू, दुचाकी, होडी, आणि माडावर चढणं?

दारू नाही. दुखावलेल्या मेंदूला थोडीही जास्त होते आणि झटक्याचा धोका वाढतो. 'सणाला एक' हेही नाही. दुचाकी डॉक्टरांनी लेखी सांगेपर्यंत नाही : नजर, लक्ष, प्रतिसादाचा वेग आणि झटके, चारही तपासल्यावर. होडीवर एकट्यानं जाणं आणि झाडावर चढणं, ज्याला एकदा झटका आलाय त्यानं सोडूनच द्यावं. ज्याला आलेला नाही त्यानंही वर्षभर तरी विचार करू नये. पाण्यात किंवा तीस फुटांवर दोन मिनिटांची चक्करही पुरते.

काम मात्र लवकर सुरू व्हायला हवं, बसून करायचं का असेना. जाळं दुरुस्त करणं, सुपारी सोलणं, आंब्याची प्रतवारी, पेटीत पेंढा घालून फळं लावणं. यात बोटांचा, नजरेचा आणि लक्षाचा सराव होतो आणि घरात चार पैसेही येतात. कोणतं काम करत होता ते ऑक्युपेशनल थेरपिस्टला पहिल्या आठवड्यातच सांगा. जाळ्याचा एक तुकडा आणि सुई वॉर्डात नेऊन द्या, सराव तिथूनच सुरू करता येतो.